शिवेवरचा चेंडू

आमच्या शीवला शीव का म्हणतात, हे मला वडिलांनी किल्ल्याच्या टेकडीवर सांगितलं. मी सात वर्षांचा असेन. पडक्या बुरुजावर मला उभं करून त्यांनी उत्तरेकडे हात केला. पलीकडे साष्टी, पोर्तुगीजांची. अलीकडे मुंबई बेट, इंग्रजांचं. गव्हर्नर जेरार्ड ऑन्जियरच्या अमदानीत, १६६९ ते १६७७ या काळात, ती हद्द राखायला हा किल्ला उभा राहिला. गावाची हद्द म्हणजे शीव. ज्या गावाला शीव नाही ते गाव नव्हे, असं वडील म्हणाले. ते वाक्य मला पुढे फार लांबच्या दोन मैदानांवर आठवलं. त्या दोन मैदानांची ही गोष्ट आहे.

वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी इंजिनांच्या अंगावर पितळी पाटी असायची: नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी, ग्लासगो. ती पाटी ते घासून लख्ख करत. त्यांच्या हाताखालच्या लोखंडाचं माहेर ग्लासगो होतं, म्हणून त्या गावाबद्दल त्यांना आपुलकी वाटायची. वर्कशॉपमधल्या एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, की १९६७ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकने युरोपियन कप जिंकला तेव्हा संघातले अकराही जण क्लबाच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. वडिलांनी ते अंतर आमच्या नकाशावर मोजलं. शीवपासून तीस मैल म्हणजे पार कल्याणच्या पुढे. तेवढ्या टापूतली अकरा पोरं आणि समोर इटलीचा इंटर मिलान. ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली, की लिस्बनच्या त्या अंतिम सामन्यात गेमेल आणि चाल्मर्स यांनी केलेले गोल मी न बघताच पाहिले आहेत.

फुटबॉल मात्र आम्ही कुपरेजला पाहिला. शीवहून व्हीटीची गाडी, तिथून चालत फ्लोरा फाउंटन, मग ओव्हल मैदानाची कड. वाटेत शेंगदाण्यांची पुडी. कुपरेज म्हणजे पिंपं बनवणाऱ्यांचा कारखाना. आरमारासाठी लागणारी लाकडी पिंपं पूर्वी तिथे तयार होत. पुढे त्या जागेचं मैदान झालं, नाव राहिलं. रोव्हर्स कप तिथला सण होता. १८९१ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली ती गोऱ्या पलटणींसाठी. त्याआधी तीन वर्षं, १८८८ मध्ये, सिमल्याला पहिला ड्युरँड कप झाला होता, आणि त्याच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना स्कॉटिश पलटणीच होत्या: रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलँड लाइट इन्फन्ट्रीला हरवलं. आपल्या देशात फुटबॉल रुजला त्यात स्कॉटलंडच्या शिपायांचे बूट असे आहेत. रोव्हर्स कप भारतीय संघाच्या हाती यायला मात्र १९३७ साल उजाडलं. बंगळूर मुस्लिम्सनी तो जिंकला. मग १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस. मोहन बागान, ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो ही नावं मी शाळेतल्या पाढ्यांसारखी पाठ केली ती कुपरेजच्या पायऱ्यांवर बसून.

मुंबईचे संघ म्हणजे कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे. टाटा, मफतलाल, ओर्के, एअर इंडिया, रेल्वे, आरसीएफ, महिंद्रा. खेळाडूंना नोकरी मिळायची, संध्याकाळी सराव. त्या नोकऱ्यांनी शेकडो घरं उभी केली, हे उपकार मी विसरणार नाही. पण सामना संपून परत चालताना वडील एकदा म्हणाले, "संघ चांगला आहे रे, पण तो आहे कोणाचा?" मला तेव्हा प्रश्न कळला नाही. कळला तो पुढे, एकेक नाव तक्त्यावरून पुसलं जाऊ लागलं तेव्हा. गिरण्या गेल्या, त्यांचे संघ गेले. रोव्हर्स कप नव्या शतकाच्या तोंडावर थांबला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये मुंबई एफसी आला आणि दहा वर्षांत गेला. प्रत्येक वेळी निर्णय कुठल्यातरी खोलीत झाला आणि आम्हा प्रेक्षकांना तो सकाळच्या पेपरात वाचायला मिळाला.

त्याच काळात परळ-लालबागमध्ये दुसरी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहत होतो. गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींच्या जागी मनोरे आले, पण गणेशोत्सव मंडळं थांबली नाहीत. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ पासून आहे. गिरणी मालकाची होती, मालकाने कुलूप लावलं. मंडळ वर्गणीचं होतं, त्याला कुलूप लावायला कोणी मालकच नव्हता. फुटबॉलमध्ये हे का होऊ शकलं नाही, हा विचार डोक्यात घेऊन मी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोला गेलो. मुलगी तिथे शिकते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी घासलेल्या पाटीवरचं गाव बघायचं राहिलं होतं.

ग्लासगोत नोव्हेंबरमध्ये दुपारी चारला अंधार पडतो. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, अंगाला चिकटून राहतो. पहिल्याच सकाळी मी मुलीला म्हटलं, मला पार्टिकला ने. तिथे हॅमिल्टन क्रेसेंट नावाचं एक मैदान आहे. ते क्रिकेटचं मैदान आहे, आजही. मुंबईच्या माणसाला हे पाहून काय वाटलं ते सांगता येत नाही. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना याच मैदानावर झाला, ३० नोव्हेंबर १८७२ रोजी, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. सुमारे चार हजार लोक जमले होते. गोल एकही झाला नाही. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. इंग्लंडचे गडी धिप्पाड; चेंडू पायाशी ठेवून एकेकटे धावत सुटायचे. स्कॉटलंडचे अंगाने हलके. ते चेंडू एकमेकांना देत खेळले. आज जगभर फुटबॉल म्हणून जे दिसतं त्याचं मूळ या देण्यात आहे. पुढे असेच स्कॉटिश खेळाडू इंग्लंडच्या क्लबांत गेले आणि लोक त्यांना प्रोफेसर म्हणू लागले. कुंपणाबाहेर उभा राहून मी रिकाम्या हिरवळीकडे बघत होतो. एकट्याने जमणार नाही म्हणून शेजाऱ्याला दिलेला चेंडू, ही गोष्ट याच गवतावर जगापुढे आली.

क्वीन्स पार्क १८६७ चा. खेळण्यासाठीच खेळायचं, हे त्यांचं ब्रीद. एकशे बावन्न वर्षं त्यांनी खेळाडूंना पगार दिला नाही; २०१९ मध्ये मतदान करून तो नियम सोडला. मला त्याचं वाईट वाटलं आणि नाहीही वाटलं. पगार नसलेल्या खेळात शेवटी खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचीच पोरं टिकतात, हे मी मुंबईत पाहिलं आहे. पण ब्रीद खोटं नव्हतं. अँडी रॉबर्टसन मोठा खेळाडू होण्याआधी याच क्लबात बिनपगारी खेळला. खर्चाला पैसे हवेत म्हणून हॅम्पडेन पार्कमध्ये तिकिटांचे फोन घ्यायचा. तोच आज स्कॉटलंडचा कर्णधार आहे.

हॅम्पडेनला फुटबॉलचं संग्रहालय आहे. स्कॉटिश कप तिथे आहे, १८७३ मध्ये घडवलेला. इंग्लंडच्या कपाचं नाव जुनं, पण मूळचा कप हाच टिकला. चांदीचा, अंगाने बेताचा. घराघरात देवघरातला तांब्या असतो तसा वाटला. भिंतीवर १९३७ च्या एका सामन्याची नोंद: १,४९,४१५ माणसं. वानखेडे चार-पाच वेळा भरेल एवढी.

दुसऱ्या दिवशी शहराच्या पूर्व टोकाला सेल्टिक पार्क. आयर्लंडहून दुष्काळाने हाकललेली माणसं या वस्तीत येऊन राहिली होती. त्यांच्या उपाशी पोरांना जेवण मिळावं म्हणून वॉल्फ्रिड नावाच्या धर्मबंधूने हा क्लब काढला. पहिला सामना १८८८ मध्ये. दाराशी त्याचा पुतळा आहे. या क्लबाशी आपलंही एक नातं आहे. १९३६ मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम इथे आला, पायांना पट्ट्या गुंडाळून अनवाणी खेळला, दोन सामन्यांत लोकांना थक्क केलं. क्लबाने राहा म्हटलं, त्याला घरची ओढ लागली आणि तो परत गेला. मी दाराशी उभा असताना मला त्याच्या त्या परत जाण्याचं कौतुक वाटलं. त्याला स्वतःची शीव ठाऊक होती.

आयब्रॉक्सला, म्हणजे रेंजर्सच्या मैदानावर, मात्र माझे पाय जड झाले. दाराबाहेर जॉन ग्रेगचा पुतळा आणि खाली नावं. २ जानेवारी १९७१ रोजी सेल्टिकविरुद्धचा सामना सुटताना तेराव्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसं गेली. त्यांत कितीतरी शाळकरी पोरं. मी ती नावं वाचत गेलो आणि मला परळचा जिना दिसू लागला. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल, पावसाची सकाळ, २३ जण. वडील ज्या वाटेने कामाला जायचे तीच वाट. जुना फुटबॉल चांगला आणि नवा वाईट, असं म्हणणाऱ्याने या पुतळ्यासमोर दोन मिनिटं उभं राहावं. आजची खुर्च्यांची, मोजक्या माणसांची, रुंद जिन्यांची मैदानं माणसांच्या जिवावर उभी राहिली आहेत. आधुनिक खेळाने दिलेली ही गोष्ट मी डोक्यावर घेतो.

बाकीच्या गोष्टींबद्दल माझा झगडा आहे. स्कॉटलंडची वस्ती सुमारे पंचावन्न लाख, मुंबईच्या निम्म्याहून कमी. तेवढ्यात चार श्रेणींमध्ये ४२ क्लब, आणि प्रत्येकामागे एक गाव किंवा एक मोहल्ला. पण पैसा दोनच दारांत साठतो. १९८५ मध्ये ॲबर्डीनने लीग जिंकली, त्यानंतर २०२५ पर्यंत सेल्टिक आणि रेंजर्स यांच्याशिवाय कोणीही नाही. त्याच ॲबर्डीनने १९८३ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसनच्या हाताखाली गोथेनबर्गला रेआल माद्रिदला हरवून युरोपचा कप विनर्स कप आणला होता. आज तसं स्वप्न पडणंही अवघड झालं आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये टेलिव्हिजनचा पैसा पुरासारखा येतो आणि इकडची चांगली पोरं मिसरूड फुटायच्या आत उचलली जातात. सामन्याची वेळ टीव्ही ठरवतो. २०२२ पासून इथेही व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय देणारा पंच, आला. गोल झाल्यावर माणूस शेजाऱ्याच्या गळ्यात पडायचा, तो आता आधी पडद्याकडे बघतो. चुकीचा गोल मी एकवेळ सोसेन. आनंद थोपवून धरायला लावणारा न्याय मला सोसवत नाही.

तरीही स्कॉटलंडमध्ये मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. २०१२ मध्ये रेंजर्सची कंपनी बुडाली. नव्या कंपनीच्या नावाने क्लबला थेट वरच्या लीगमध्ये घ्यावं, असा घाट होता. मोठा क्लब गेला तर टीव्हीचा पैसा जाईल ही भीती. तेव्हा इतर क्लबांच्या समर्थकांनी आपापल्या क्लबांना बजावलं: असं केलंत तर आम्ही तिकिटं घेणार नाही. क्लबांना नाही म्हणावं लागलं. रेंजर्स चौथ्या श्रेणीत गेला, सगळ्यात खाली. आणि तिथे, ईस्ट स्टर्लिंगशायरसारख्या छोट्या संघाविरुद्ध, आयब्रॉक्सवर ४९ हजारांवर माणसं आली. दोन्ही बाजूंच्या माणसांना मी मनापासून नमस्कार करतो. एकांनी नियम राखला, दुसऱ्यांनी नातं.

एडिनबराचा हार्ट्स २०१३ मध्ये कर्जात बुडून बंद पडायच्या बेतात होता. समर्थकांनी फाउंडेशन ऑफ हार्ट्स या संस्थेमार्फत दरमहा आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे भरायला सुरुवात केली. कुणी बसचालक, कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त. वर्षानुवर्षं हे चाललं. ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबाची बहुसंख्य मालकी समर्थकांच्या नावावर झाली. २०२५ मध्ये एक धनाढ्य गुंतवणूकदार आला, त्याने जवळपास एक कोटी पौंड दिले आणि त्याला २९ टक्के भाग मिळाले, पण मताधिकार नसलेले. पैसा घरात घेतला, किल्ल्या दिल्या नाहीत. मी तिथे होतो तेव्हा हार्ट्स लीगच्या तक्त्यात वरच्या जागी होता. मदरवेलचंही असंच, ग्लासगोतल्या पार्टिक थिसलचंही. मुलगी इंग्रजीत मला त्या योजनेची माहिती वाचून दाखवत होती आणि मी म्हटलं, अगं, ही तर वर्गणी!

१८ नोव्हेंबरचा मंगळवार. हॅम्पडेनवर स्कॉटलंड-डेन्मार्क. जिंकलं तर १९९८ नंतर पहिल्यांदा विश्वचषक. तिकिटं कधीच संपली होती. आम्ही माउंट फ्लोरिडाला, मैदानाला लागून असलेल्या एका पबमध्ये कोपऱ्यात उभे राहिलो. हातात खिम्याचं सारण भरलेली गरम, कडक पारीची वाटी. तिकडे तिला पाय म्हणतात. तिसऱ्याच मिनिटाला बाहेरून गर्जना आली. पडद्यावर अजून चेंडू उजव्या बगलेत होता. सगळा पब थिजला आणि मग पडद्यावर मॅकटॉमिनी हवेत उलटा झाला आणि चेंडू जाळ्यात. मैदान दोनशे पावलांवर. आवाज थेट भिंतीवरून यायचा आणि चित्र कुठे कुठे फिरून काही सेकंदांनी. त्या रात्रभर असंच होत राहिलं. आधी आवाज, मग चित्र. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने तर पडद्याकडे पाठच फिरवली आणि तो उघड्या दाराकडे कान देऊन उभा राहिला.

डेन्मार्कने पेनल्टीवर बरोबरी केली. त्यांचा एक जण बाहेर गेला. शँकलंडने पुन्हा आघाडी दिली, काही मिनिटांत डॉर्गूने ती पुसली. दोन-दोन. नव्वद मिनिटं झाली. या बरोबरीने डेन्मार्क विश्वचषकाला जाणार होता. आणि बाहेरून जो आवाज आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. म्हातारा आधी ओरडला, पब नंतर. पडद्यावर टिअर्नीचा डावा पाय मग फिरला. शेवटी केनी मॅक्लीनने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू टाकला. चार-दोन. त्या म्हाताऱ्याने मला मिठी मारली. मी कोण, कुठला, त्याने विचारलं नाही. कर्णधार रॉबर्टसन पडद्यावर रडत होता. ज्या इमारतीत तो कधीकाळी तिकिटांचे फोन घ्यायचा, तिच्याच हिरवळीवर. मला वाटलं, हा विजय त्या इमारतीचाही आहे, त्या बिनपगारी क्लबाचाही आहे. वडील असते तर दाराकडेच कान लावून उभे राहिले असते.

परत आलो तेव्हा आपल्याकडे शुकशुकाट होता. व्यापारी हक्कांचा करार संपत आला आणि पुढचं ठरेना, म्हणून इंडियन सुपर लीगचा हंगाम कित्येक महिने सुरूच झाला नव्हता. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये लीगचं मानचिन्ह आणि कप दोन्ही जिंकले तेव्हा मी शीवच्या आमच्या चौकात पेढे वाटले होते. त्या क्लबात २०१९ पासून परदेशी समूहाची मोठी भागीदारी होती. २०२५ सरता सरता तो समूह बाहेर पडला. खेळ चांगला आणला त्यांनी, ते मी मान्य करतो. पण त्यांचं येणं आणि जाणं, दोन्ही आमच्या डोक्यावरून गेलं.

म्हणून मी फेब्रुवारीत कोल्हापूरला निघालो. शीवहून दादर, दादरहून रात्रीची महालक्ष्मी. हार्ट्स आपल्याकडे कुठे असेल तर तो तिथे, हे मला ग्लासगोतच उमगलं होतं. सकाळी स्टेशनवर उतरून मिसळ खाल्ली. दुपारी शाहू स्टेडियम. वाटेत प्रत्येक कोपऱ्यावर तालीम. मूळची ती कुस्तीची जागा, लाल मातीचा हौदा. त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी पेठेचं श्री शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून हा डोलारा सांभाळते. कंपनीचं नाव नाही, गिरणीचं नाही. नाव तालमीचं, मंडळाचं, पेठेचं.

सिमेंटच्या पायऱ्या तापल्या होत्या. हलगी वाजत होती, पताका, शिट्ट्या. पांढरी टोपी घातलेले आजोबा आणि मांडीवर नातू. भडंगाचा पुडा हातोहात फिरत होता. खाली माती उडत होती आणि कानाजवळ चार-पाच जण डावपेच सांगत होते, तेही अगदी नेमके. बाजूच्या गृहस्थांनी विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"मुंबईचा."

"मुंबई लई मोठी हाय. मुंबईत कुठलं?"

"शीव."

ते हसले. "म्हंजे गावाची शीव व्हय?"

मी हो म्हटलं. शिवेचा किल्लाही आहे, असं सांगितलं.

"मग संघ आसंल की तुमचा. शीव हाय तितं गाव हाय, गाव हाय तितं संघ हाय."

मला उत्तर देता आलं नाही. वडिलांनी टेकडीवर जे सांगितलं होतं तेच हा माणूस सांगत होता, आणि पुढचं एक पाऊल टाकून सांगत होता.

कोल्हापूरचं सगळं गोड नाही. पेठेची शीव कधीकधी कुंपण होते. दोन तालमींच्या समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत, दगड आले आहेत, पोलिसांना मध्ये पडावं लागलं आहे. सेल्टिक-रेंजर्समध्येही धर्माच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या जे विष कालवलं गेलं ते मी त्या गावात ऐकलं. आपलेपणातूनच परकेपणा उगवतो, हे दोन्हीकडे खरं आहे, आणि त्याकडे डोळेझाक करणारा समर्थक आपल्याच क्लबाचं नुकसान करतो. तालमींमध्येही पैशाची चढाओढ आली आहे. बाहेरचे, आफ्रिकेतले खेळाडू हंगामापुरते येतात. तेही मन लावून खेळतात आणि पेठ त्यांना घरचं समजते. पण पेठेतल्या पोराने बाकावर किती वर्षं बसायचं, हा प्रश्न तिथली जाणती माणसंच विचारत होती. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला. गावच्या मैदानावरून तिथपर्यंत वाट आहे, हे त्याने दाखवून दिलं. ती वाट मोकळी ठेवणं हे पेठेचं काम आहे.

सामना संपल्यावर त्या गृहस्थांनी मला आपल्या तालमीत नेलं. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, खाली नावं. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. त्यांनी त्यातून वर्गणीची वही काढून दाखवली. कुणाचे पाचशे, कुणाचे पन्नास. एका पानावर एका बाईंच्या नावापुढे बुटांचा एक जोड लिहिला होता. एडिनबराच्या क्लबाला ज्या माणसांनी वाचवलं तीच माणसं मला या वहीत दिसली. भाषा तेवढी वेगळी.

शीवला परतलो. स्टेशनवरचा जुना पूल २०२४ च्या ऑगस्टपासून बंद होता, तेव्हा वळसा घालून घरी. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरं खेळत होती. अंगात बार्सिलोना, अर्जेंटिना, मँचेस्टर. पाठीवर मेस्सी, हालांड. ही पोरं पहाटे दोनला उठून युरोपचे सामने बघतात, खेळही जाणतात. मी त्यांना विचारलं, तुमच्या संघाचं नाव काय. एकमेकांकडे बघत राहिली. नाव नव्हतंच.

त्या रविवारी आम्ही चार निवृत्त माणसं बसलो. एकाचा मुलगा शाळेत खेळाचा शिक्षक आहे. महिना शंभर रुपये ज्याला जमेल त्याने द्यायचे, वर्षाच्या शेवटी हिशेब फळ्यावर लावायचा, आणि पैसे दिले म्हणून कोणी संघ निवडायचा नाही, असं ठरलं. मतं सगळ्यांना सारखी, पोरांच्या आयांनाही. शेजारच्या धारावीतून पोरं येतील, त्यांना अडवायचं नाही, हेही लिहून घेतलं. आमची शीव ओळखीसाठी आहे, अडवायला नाही. नेट, दोन चेंडू आणि वापरलेले पण धड बूट, एवढ्याने सुरुवात.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणलं, गणपतीच्या वर्गणीला वापरतात तसलंच. पहिली पावती मी वडिलांच्या नावाने फाडली. रक्कम रुपये शंभर. संघाच्या नावाची जागा क्षणभर रिकामी होती. मी तिथे लिहिलं: शीव.